रात्रीच्या जॉबमध्ये डेटाबेसचा पासवर्ड ठेवायचा कुठे? (व्हॉल्टचं बजेट एप्रिलनंतर)

रात्रपाळीवाला | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, सल्ला हवा आहे.

बीकेसीतल्या एका वित्त कंपनीच्या डेटा टीममध्ये आहे. रात्री एकनंतर ओरॅकल आणि मायएसक्यूएल या डेटाबेसांमधली टेबलं उचलून हडूपवर (मोठा डेटा अनेक मशीनवर ठेवायची व्यवस्था) आणायची, त्यावर हिशेब चालवायचे आणि सकाळी साहेब लोकांचा चहा होईपर्यंत एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनाचा अहवाल, तयार ठेवायचं, असा आमचा धंदा. ठरल्या वेळी जॉब सुरू करायला तीन साधनं: थोडे जॉब क्रॉनवर, जुने ऊझीवर, नवे एअरफ्लोवर. टेबलं उचलणारा स्कूप अजून आहे. अपाचेने तो २०२१ मध्येच निवृत्त केला हे ठाऊक आहे, आमच्याकडे मुदतवाढीवर आहे.

ऑडिटने शेरा मारलाय: शेल स्क्रिप्टमध्ये (जॉबच्या कमांडींच्या फाइलमध्ये) पासवर्ड उघडा लिहिलेला आहे आणि सगळे जॉब एकाच डेटाबेस युजरने चालतात. महिन्याभरात निकालात काढा. व्हॉल्टसारखं (पासवर्ड सांभाळून जॉबला मागेल तेव्हा देणारं सॉफ्टवेअर) काहीतरी घ्यायचं ठरलंय, पण बजेट नव्या आर्थिक वर्षात. तोवर टीममध्ये तीन मतं आहेत. एक म्हणतो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोसेस सुरू होताना तिला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) टाकू. दुसरा म्हणतो बेस६४ करून, म्हणजे अक्षरं ठरलेल्या पद्धतीने बदलून, फाइलमध्ये ठेवू. तिसरा म्हणतो, सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरचं कोण येतंय मरायला, एक्सेप्शनवर (नियमातून सूट देणाऱ्या कागदावर) सही घ्या आणि मोकळे व्हा.

व्हॉल्ट येईपर्यंत धड काय करता येईल? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा.

चिंचपोकळी फास्ट | सोमवार, रात्री १०:१५

बेस६४वाल्याला माझा साष्टांग दंडवत सांगा. एका कमांडीत सरळ होतं ते, त्याला किल्लीच नसते. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या सीक्रेटबद्दलही हाच गैरसमज. नाव सीक्रेट, आत नुसतं बेस६४, आणि एन्क्रिप्शन मुद्दाम चालू केलं नसेल तर ईटीसीडीतही (त्याच्या डेटाबेसमध्ये) तसंच पडून असतं.

आता तिसरे महाशय. त्यांना म्हणावं रात्री दीड वाजता एज नोडवर (जिथून जॉब सुटतात त्या मशीनवर) साध्या लॉगिनने शिरा, रूट (सर्वाधिकारी युजर) नको, आणि पीएस डॅश ईएफ (चालू प्रोसेसची यादी) मारून त्यात स्कूप शोधा. स्कूपचा जॉब म्हणजे जावाची प्रोसेस. तिची अख्खी कमांड लाइन त्या मशीनवरच्या प्रत्येकाला दिसते. पासवर्ड कमांडीतच दिला असेल तर टेबल उचलून होईपर्यंत तो तिथे झळकत बसतो. त्या नोडवर लॉगिन कोणाकोणाची आहेत ते बघा: व्हेंडरची मुलं, इंटर्न, नोकरी सोडून गेलेले पण अकाउंट न मिटवलेले. बाहेरच्याने कशाला यायला हवं?

मायएसक्यूएलचा क्लायंट त्यातल्या त्यात शहाणा. सुरू झाल्या झाल्या कमांड लाइनवरचा पासवर्ड पुसतो. पण क्षणभराची फट राहतेच, आणि क्रॉनटॅबमधला (क्रॉनच्या यादीतला) व शेल हिस्टरीतला (मारलेल्या कमांडींच्या नोंदीतला) पासवर्ड कोण पुसणार?

ठाणेकरीण | सोमवार, रात्री १०:४०

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमांड लाइनपेक्षा बरं, इतपत मान्य. लिनक्सवर एखाद्या प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट तो युजर आणि रूट एवढेच वाचू शकतात. पण तुमच्याकडे सगळेच जण एका सामायिक ईटीएल (डेटा उचलून आणायच्या कामाच्या) लॉगिनने शिरत असतील (शिरत असणार!) तर त्या बंधनाला काही अर्थ राहत नाही. शिवाय ते व्हेरिएबल पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसकडे आपोआप जातं. मला खरी भीती लॉगची वाटते. रात्री तीनला जॉब पडतो, कोणीतरी स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट डॅश एक्स घालतो, सगळ्या ओळी व्हेरिएबलच्या किमतींसकट लॉगमध्ये छापल्या जातात, आणि सकाळी तोच लॉग ‘जरा बघा ना’ म्हणत व्हेंडरला मेल होतो.

पोस्टग्रेस डेटाबेसवाले स्वतःच सांगतात की पीजीपासवर्ड हे व्हेरिएबल वापरू नका, पीजीपास फाइल वापरा. त्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल तर क्लायंट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हा खडूसपणा मला फार आवडतो.

मेतकूट | सोमवार, रात्री ११:२०

स्कूपपुरतं सांगते, कारण ते दुखणं बरंच काढलंय.

पहिला उपाय पासवर्ड फाइल. एचडीएफएसवर (हडूपच्या फाइल साठवणीत) जॉबच्या युजरच्या होममध्ये ठेवायची, परवानगी ४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी), आणि कमांडीत पासवर्डच्या जागी फाइलचा पत्ता. इथे हमखास ठेच लागते ती अशी: व्हीआय एडिटरमध्ये फाइल उघडून पासवर्ड लिहिला की शेवटी नवी ओळ आपोआप येते. स्कूप फाइलमधलं सगळं जसंच्या तसं उचलतो, त्या अदृश्य अक्षरासकट. मग ओरॅकल म्हणतं ०१०१७, युजर किंवा पासवर्ड चुकीचा. माणूस डोळे फाडफाडून बघतो, पासवर्ड तर बरोबर दिसतोय! फाइलची लांबी बाइटमध्ये मोजा, एक जास्त निघेल. प्रिंटएफ या कमांडीने लिहा, किंवा एको वापरायचाच तर डॅश एन लावून. आणि लिहिण्याआधी हिस्टरी बंद करा, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

दुसरा उपाय हडूपचा क्रेडेन्शियल प्रोव्हायडर, म्हणजे जेसीईकेएस ही पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवणारी फाइल (कीस्टोअर). हडूप क्रेडेन्शियल क्रिएट ही कमांड पासवर्ड समोर विचारून घेते, जॉबमध्ये फक्त ठेवलेलं टोपणनाव द्यायचं. पीएसमध्ये टोपणनाव दिसतं, ऊझीच्या वेब कन्सोलवर कोणी वर्कफ्लो उघडला तरी टोपणनावच दिसतं. हे पहिल्यापेक्षा चांगलं. पण एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: त्या कीस्टोअरला तुम्ही वेगळा पासवर्ड दिला नाहीत तर त्याचा ठरलेला पासवर्ड ‘नन’ (none) हा शब्द असतो. जगभर तोच. म्हणजे ऑडिटला ‘एन्क्रिप्टेड आहे’ असं सांगता येईल, पण खरं राखण फाइलच्या परवानगीचंच.

रात्रपाळीवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

लोकलमधून लिहितोय. ताई, ‘नन’ची गोष्ट ऐकून झोपच उडाली. म्हणजे शेवटी सगळं फाइलच्या परवानगीवरच येत असेल, तर स्क्रिप्टलाच ४०० करून टाकू की! वेगळी फाइल कशाला?

मेतकूट | मंगळवार, सकाळी ९:३०

कारण स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) जाते, रिव्ह्यूला जाते, टेस्ट सर्व्हरवर कॉपी होते, नवीन आलेल्या मुलाला ‘ही बघून लिही’ म्हणून दिली जाते. पासवर्डची फाइल यातलं काही करत नाही. आणि पासवर्ड बदलायचा झाला तर एक फाइल बदलायची, की सगळ्या स्क्रिप्टमध्ये शोधत बसायचं?

वाशीकर डीबीए | मंगळवार, दुपारी १:१०

डबा खाता खाता लिहितोय, लांबेल.

सगळे पासवर्ड ठेवायचा कुठे यावरच बोलताय. टेबलाच्या या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएच्या बाजूने बघणाऱ्याला वेगळंच दिसतं. मी कुठल्याही टीमला आधी एक प्रश्न विचारतो: हा पासवर्ड आत्ता बदलायला लागला तर किती वेळ लागेल, आणि काय काय बंद पडेल? उत्तर ‘बघावं लागेल’ असं आलं की समजायचं, घोडं तिथे पेंड खातंय. ज्या पासवर्डला हात लावायची भीती वाटते तो फुटला तरी कोणी बदलत नाही. तुम्ही तो कितीही भारी तिजोरीत ठेवा.

एका खासगी विमा कंपनीत बघितलेला प्रकार सांगतो. ईटीएल युजरचा पासवर्ड कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी बदलला, माहीत असलेले सगळे जॉब सुधारले आणि साहेब कर्जत लोकल पकडून घरी. एक जॉब मात्र कोणाच्याच यादीत नव्हता. तो दर पाच मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहिला. ओरॅकलच्या डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये लागोपाठ १० चुकीचे प्रयत्न झाले की अकाउंट एक दिवसासाठी कुलूपबंद. तासाभरात २८००० ची एरर सुरू, आणि नवा, बरोबर पासवर्ड असलेले जॉबही पटापट पडायला लागले. रात्रीच्या डीबीएने अकाउंट उघडलं. तासाभरात पुन्हा बंद. पुन्हा उघडलं. सगळी रात्र हाच खेळ, कारण ‘पासवर्ड तर बरोबर आहे’ असं प्रत्येक टीम छातीठोकपणे सांगत होती. आणि बरोबरच सांगत होती!

म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं काम, युजर वेगळे करा. प्रत्येक जॉबला नको, तेवढे सांभाळवणार नाहीत. पण स्रोत आणि कामाप्रमाणे तरी. उचलणाऱ्याला फक्त वाचायचा हक्क, तोही लागणाऱ्या टेबलांवर किंवा व्ह्यूवर. मायएसक्यूएलमध्ये युजरबरोबर होस्टही बांधता येतो, म्हणजे तुमच्या एज नोडच्या पत्त्यावरूनच लॉगिन होईल. पोस्टग्रेसमध्ये हेच काम एचबीए फाइल करते. पासवर्ड फुटला तरी कुठून वापरता येईल आणि त्याने काय करता येईल, हे तुमच्या हातात राहतं. हे काम फुकट आहे, बजेट लागत नाही, आणि तरी सगळे हेच टाळतात.

मग ओरॅकलसाठी वॉलेट, म्हणजे पासवर्डची एन्क्रिप्टेड फाइल. ‘सिक्युअर एक्स्टर्नल पासवर्ड स्टोअर’ म्हणतात त्याला. एमकेस्टोअर या कमांडीने वॉलेटमध्ये नाव-पासवर्ड घालायचं, एसक्यूएलनेटच्या (जोडणीच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये वॉलेटचा पत्ता द्यायचा आणि वॉलेट ओव्हरराइड चालू करायचं. मग स्क्रिप्टमध्ये एसक्यूएलप्लस या ओरॅकलच्या क्लायंटसमोर फक्त तिरकी रेघ, ॲट आणि टोपणनाव. पासवर्ड एमकेस्टोअरच्या कमांडीतच लिहू नका. ती जागा मोकळी सोडली की तो विचारून घेतो. लिहिलात तर तो पुन्हा पीएसमध्ये आणि हिस्टरीत. ऑटो लॉगिन (पासवर्ड न विचारता उघडणाऱ्या) वॉलेटची फाइल कोणी उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर तिथेही चालते. म्हणून लोकल ऑटो लॉगिन करा, ती त्याच मशीनला बांधलेली राहते. स्कूपसाठी जेडीबीसी थिन ड्रायव्हरलाही (जावाला ओरॅकलशी जोडणाऱ्या) वॉलेट चालतं, ओरॅकलची पीकेआय जार (जावाची फाइल) सोबत द्यावी लागते.

डबा संपला. पासवर्ड बदलण्याबद्दल संध्याकाळी.

नवशिक्या | मंगळवार, दुपारी ३:००

काकांना दंडवत, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न बाळबोध आहे. आमच्या रेपोमध्ये (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) पासवर्ड होता, मी तो काढून नवीन कमिट केलं (बदल नोंदवला). झालं ना काम?

चिंचपोकळी फास्ट | मंगळवार, दुपारी ३:२५

नाही झालं. जुन्या कमिटमध्ये तो आहेच, ज्याच्याकडे क्लोन (पूर्ण प्रत) आहे त्याच्याकडेही आहेच. गिट फिल्टर रेपोने इतिहास धुता येतो, पण लोकांच्या लॅपटॉपवरचे क्लोन तुम्ही कसे धुणार? आधी पासवर्ड बदला, मग सवडीने इतिहास धुवा. उलटं करायला जाऊ नका. पुढच्यासाठी गिटलीक्ससारखं पासवर्ड हुडकणारं साधन प्री-कमिटला (बदल नोंदवण्याआधी चालेल असं) लावून ठेवा.

‘रेपो प्रायव्हेट आहे’ म्हणून निर्धास्त असाल तर उबरचं २०१६ चं प्रकरण वाचा. हल्लेखोर त्यांच्या गिटहबवरच्या खासगी रेपोत शिरले, तिथे ॲमेझॉन क्लाउडची किल्ली सापडली, आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने ते जाहीर केलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. कोडमध्ये विसरलेली एक किल्ली, बस्स.

तपासनीस | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे ऑडिटला. शिव्या घालायच्या त्या व्यनित (खासगी निरोपात) घाला.

एक्सेप्शनवर सही घ्या म्हणणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँक फोर्टात, सेबी तुमच्या बीकेसीतच, दोघांचंही लक्ष आता या विषयावर आहे. रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सचे मास्टर डायरेक्शन नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. तुमची कंपनी त्यात बसते का हे कम्प्लायन्सला विचारा. कार्डाचा डेटा हाताळत असाल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा ८.६.२ हा मुद्दा बघा. माणसाला लॉगिन करता येईल अशा सिस्टिम किंवा ॲप्लिकेशन अकाउंटचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये किंवा कोडमध्ये लिहायचा नाही. ३१ मार्च २०२५ पर्यंत ते ‘केलं तर उत्तम’ होतं, आता बंधन आहे. शिवाय एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे. सगळीकडे एकच सामायिक युजर असेल तर त्या लॉगमधून ‘कोणी’ या प्रश्नाचं उत्तर काय देणार?

वाशीकरांच्या प्रश्नाला माझा एक प्रश्न जोडा: हा पासवर्ड आज कोणकोण वाचू शकतं, त्यांची नावं द्या. ही यादी पाच मिनिटांत हातात देणारी टीम मला क्वचित भेटते. जी देते तिच्या स्क्रिप्टमध्ये मी फार उकरत बसत नाही.

ठाणेकरीण | मंगळवार, रात्री ८:१५

एअरफ्लोचं राहिलं. कनेक्शनमधले पासवर्ड तो फर्नेट किल्लीने एन्क्रिप्ट करून आपल्या मेटाडेटा डेटाबेसमध्ये ठेवतो. छान. पण ती किल्ली असते एअरफ्लोच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, आणि बऱ्याच ठिकाणी डेटाबेसचा बॅकअप आणि ती फाइल एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. वेगळ्या करा. किल्ली बदलता येते. नवी आणि जुनी स्वल्पविराम देऊन दोन्ही ठेवायच्या, रोटेटची कमांड चालवायची, मग जुनी काढायची.

स्पार्कचे (मोठ्या डेटावर हिशेब चालवणाऱ्या साधनाचे) जॉब असतील तर त्याच्या यूआयमधला (वेब पानावरचा) एन्व्हायर्नमेंटचा टॅब एकदा उघडून बघा. नावात पासवर्ड, सीक्रेट, टोकन असलेल्या सेटिंगा तो झाकतो. कोणी सेटिंगचं नाव ‘डीबी पीडब्ल्यूडी’ ठेवलं असेल तर मात्र सगळं उघडं.

नवशिक्या | मंगळवार, रात्री ८:३०

व्हॉल्ट आल्यावर हे सगळं संपेल ना पण?

मेतकूट | मंगळवार, रात्री ९:१०

घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली, ठीक. आता काकूंच्या घराची किल्ली कुठे? जॉबला व्हॉल्टकडून पासवर्ड आणायचा तर आधी ‘मी तोच जॉब’ हे व्हॉल्टला पटवावं लागतं, आणि त्यासाठी टोकन लागतं. ते टोकन लोक परत स्क्रिप्टमध्ये लिहितात. ये रे माझ्या मागल्या.

यातून सुटायचं तर ओळख मशीनकडून यायला हवी. क्लाउडवर हे सोपं आहे, सर्व्हरला भूमिका दिलेली असते आणि तिच्यावर टोकन मिळतं. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत आयएएमने (त्यांच्या ओळख व्यवस्थेने) लॉगिन केलं तर पासवर्ड नसतोच, १५ मिनिटांचं टोकन असतं. स्वतःच्या सर्व्हरवर असाल तर केरबेरॉस ही ओळख पटवायची पद्धत आहे, पण तिची कीटॅब (किल्ल्यांची) फाइल म्हणजे पासवर्डच हे विसरायचं नाही. नव्या लिनक्सवर क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर लावलात तर क्रेडेन्शियल लोड करायची सोय त्यातच आहे. आवृत्ती २५० पासून ते मशीनच्या टीपीएम या सुरक्षा चिपला बांधून एन्क्रिप्टही करता येतं.

व्हॉल्टचा खरा फायदा साठवणीत नाहीच. तो डेटाबेसमध्ये मागेल तेव्हा तात्पुरता युजर तयार करतो आणि मुदत संपली की काढून टाकतो. बजेट मागताना हा मुद्दा लिहा. नुसत्या तिजोरीसाठी एवढे पैसे कशाला, असं कोणीही विचारेल.

वाशीकर डीबीए | मंगळवार, रात्री १०:०५

मेतकूटताईंशी शंभर टक्के सहमत. आता पासवर्ड बदलण्याबद्दल.

मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरला एकाच वेळी दोन पासवर्ड ठेवता येतात. अल्टर युजर करताना शेवटी ‘रिटेन करंट पासवर्ड’ लिहायचं. जुना चालू राहतो, नवाही चालतो. सगळे जॉब नव्यावर आले की ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’. ओरॅकलने हीच सोय २१सीमध्ये आणली आणि मग १९.१२ मध्येही दिली. प्रोफाइलमध्ये पासवर्ड रोलओव्हर टाइम ठरवायचा, तेवढा काळ दोन्ही चालतात. म्हणजे वर सांगितलेली रात्र आता कोणाच्या वाट्याला यायचं कारण नाही. तरी येते, कारण हे फार जणांना माहीतच नाही.

डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस असतं, त्यावर ७ दिवसांची सवलत. लोक जॉबच्या युजरला ‘अनलिमिटेड’ करून सुटतात. मला विचाराल तर जॉबसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

आणि बदलण्याआधी आठवडाभर ऑडिट ट्रेलमधून (लॉगिनच्या नोंदींतून) काढा, हा युजर कोणत्या मशीनवरून, कोणत्या प्रोग्रॅममधून लॉगिन करतो. टीमने दिलेली यादी आणि ही यादी कधीच जुळत नाही. तुमची जुळली तर कळवा, वाशीत मिसळ माझ्याकडून.

रात्रपाळीवाला | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. झालेलं आणि ठरलेलं सांगतो.

युजर वेगळे केले, दोन्ही डेटाबेसवर, फक्त वाचायच्या हक्काचे. डीबीए टीमने इतक्या आनंदाने केलं की आश्चर्य वाटलं, म्हणे हे आम्ही कधीपासून मागतोय. स्कूपचे जॉब जेसीईकेएसवर आणले, कीस्टोअरला वेगळा पासवर्ड दिला आणि फोल्डर फक्त जॉबच्या युजरला वाचता येईल असं केलं. एसक्यूएलप्लसच्या स्क्रिप्टना वॉलेट. सामायिक लॉगिन काढून घेतलं, त्यावरून थोडी धुसफूस झाली. ऑडिटला वाचणाऱ्यांची यादी दिली, त्यात नावंच कमी असल्याने पाच मिनिटंही लागली नाहीत. जुना युजर अजून बंद केलेला नाही.

एक नवीन भानगड. मायएसक्यूएलच्या नव्या पासवर्डमध्ये ॲटचं (@) चिन्ह आलंय. स्कूपला चालतो, पण पायथनच्या जॉबमध्ये एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) म्हणतं होस्ट सापडत नाही.

ठाणेकरीण | गुरुवार, रात्री ९:४५

पासवर्ड यूआरएलमध्ये जोडताय, त्यामुळे त्या चिन्हापासून पुढे होस्ट सुरू झाला असं त्याला वाटतं. तिथे टक्के चाळीस, म्हणजे %४० लिहावं लागतं (आकडे अर्थात इंग्रजीत). त्याहून बरं म्हणजे यूआरएलची ओळ हाताने जोडूच नका, यूआरएल क्रिएट वापरून भाग वेगवेगळे द्या. आणि पासवर्ड जुळवलेली ओळ एररबरोबर लॉगमध्ये छापली जात नाही ना, तेही बघा.

वाशीकर डीबीए | गुरुवार, रात्री १०:२०

ऑडिट ट्रेल काढला का? मिसळीचं काय झालं?

रात्रपाळीवाला | गुरुवार, रात्री १०:३५

मिसळ गेली. जुन्या युजरने एक अनोळखी मशीन रोज पहाटे चारला लॉगिन करतंय. नावावरून ऐरोलीच्या जुन्या टेस्ट सर्व्हरसारखं वाटतं. त्यावर क्रॉन आहे, आउटपुट कुठल्याशा फोल्डरमध्ये जातं, लिहिणारा तीन वर्षांपूर्वी सोडून गेला. ते आउटपुट कोण वापरतं हे कोणालाच सांगता येत नाहीये.

चिंचपोकळी फास्ट | गुरुवार, रात्री १०:४०

बंद करा. ज्याचं असेल तो स्वतः फोन करेल.

वाशीकर डीबीए | गुरुवार, रात्री १०:४२

करा, पण उद्या संध्याकाळी नको. सोमवारी सकाळी करा, आणि महिनाअखेर मध्ये येत नाही ना ते बघून.